किरमिजी फिल्टर

१९ जानेवारी १९७६

अप्पांची अंधारखोलीची वही अर्धीच भरली होती. उरलेली पानं ते गेल्यापासून तेरा वर्षं कोरी पडून आहेत. आजपासून ती माझी. अप्पांनी तिच्यात नुसते सेकंद, रसायनं आणि हवामान लिहून ठेवलंय. मी पडलो बोलघेवडा, माझं तेवढ्यावर भागणार नाही.

लिहायला कारण असं की या वर्षी मी रंगीत फोटोंचं काम धरणार. नुसते काढणार नाही, फिल्म धुणार आणि फोटो छापणारही मीच. आमच्या मंगळवार पेठेत रंगीत काढून देणारे दोघंतिघं आहेत, पण सगळे फिल्म मुंबईला पाठवतात आणि गिऱ्हाइकाला तीन-तीन आठवडे आज येईल, उद्या येईल करत बसतात. चन्नवीर फोटो स्टुडिओत काम इथल्या इथे होईल, आठ दिवसांत. चन्नवीर म्हणजे आमचे अप्पा. मी संगप्पा, पण ते पाटीवर कुठे नाही. सेहेचाळीस वर्षांचा झालो. सव्वीस वर्षं काळे-पांढरे फोटो काढले, त्यांना कुणी नाव ठेवलेलं नाही. तरी ते सगळं अप्पांचंच पुढे चालवलेलं. माझं म्हणावं असं एक तरी काम हातून व्हावं, ते हे आहे. हे फसलं तर माझ्यासारखा चरफडणारा माणूस सोलापुरात दुसरा नसेल.

सुंदरम्माला जेवताना सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "कशाला ओ? चाललंय की बरं," म्हणाली. "रंग मी भरतेच की."

मला वाटलंच होतं. काळ्या-पांढऱ्या फोटोवर ब्रशने रंग भरायचं काम आमच्याकडे तिचं. बावीस वर्षांपूर्वी आमचं लग्न झालं, पहिल्याच वर्षी अप्पांनी तिला शेजारी बसवून शिकवलं. मला कधी शिकवलं नाही. "रंगाचं काम बाईच्या हाताला बसतं, तू कॅमेरा धर," म्हणायचे. गिऱ्हाइकाचं लुगडं कसलं, काठ कसला, फेटा कसला हे लिहून पाकिटाला टाचायची रंगचिठ्ठीसुद्धा तीच लिहिते. आता फिल्मच रंगीत आली की तिच्या ब्रशला काम उरणार नाही, त्याचा तिने धसका घेतलाय. समजूत काढायला हवी.

२३ जानेवारी

मुंबईहून फिल्मचं पार्सल आलं. आत पत्रक आहे, त्यात बजावून लिहिलंय की फिल्म थंड जागी ठेवा, नाहीतर रंग बिघडतात. आमच्याकडे थंड जागा म्हणजे माठाखालचा कोनाडा. तिथे ठेवल्या असत्या तर ओल धरली असती. शेवटी चनबसप्पाच्या मेडिकल दुकानातला फ्रिज आठवला. चनबसप्पा माझा शाळेपासूनचा दोस्त. इंजेक्शनांच्या बाटल्या सरकवून त्याने एक कप्पा दिला आणि वर आपल्या कन्नड हेलात म्हणाला, "संगण्णा, धनुर्वाताच्या जागी कुणाला तुझी फिल्म टोचली तर मला बोलू नको री."

फ्रिजमधून काढल्यावर लगेच पुडकं फोडायचं नाही, दोन तास तसंच ठेवायचं, नाहीतर फिल्मवर दव धरतं. हेही पत्रकातच आहे. तान्ह्या पोराचं करतात तेवढं करावं लागतं या फिल्मचं.

संध्याकाळी एक फिल्म घेऊन गड्ड्याच्या जत्रेत हिंडलो. पाळणे, बांगड्यांची दुकानं, फुगेवाले. लहानपणी अप्पा मला खांद्यावर घेऊन जत्रेत यायचे आणि एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारायचे, "संगू, हा रंग कुठला?" मी सांगायचो. ते काही बोलायचे नाहीत, पुढे चालायचे. आज तो खांदा फार आठवला.

१ फेब्रुवारी

फिल्म धुतली! पहिली घरची रंगीत फिल्म!

रसायन बरोबर शंभर डिग्री फॅरनहाइट लागतं. पाव डिग्रीसुद्धा इकडेतिकडे चालत नाही. तसलं थर्मामीटर गावात मिळेना. चनबसप्पा म्हणाला, "शंभर म्हणजे बारीक ताप. तापाचंच थर्मामीटर लाव की." आणि खरंच तेच लावलं. बंब पेटवला, बादलीत गरम पाणी, त्यात रसायनाच्या बाटल्या. तापाच्या थर्मामीटरचा पारा चढतो पण आपण होऊन उतरत नाही, म्हणून दर वेळी झटकून पुन्हा बुडवायचा. सव्वातीन मिनिटांत पहिलं रसायन, मग रंग पक्का करायची बाकीची. सुंदरम्मा दारात उभी राहून हसत होती. चनबसप्पा दुकान सोडून दोनदा येऊन गेला. "पेशंट कसाय?" विचारायचा.

निगेटिव्ह कडक चहाच्या रंगाची झाली आहे. तशीच असते म्हणे. डागबीग काही नाही.

८ फेब्रुवारी

आज छापली. रंगीत कागदाला लाल दिवासुद्धा चालत नाही. मिट्ट काळोखात सगळं हाताने. इतरांना जड जाईल, मला काही वाटलं नाही. तसाही अप्पांचा लाल दिवा मला कधी पुरला नाही. ते म्हणायचे, लख्ख दिसतंय की रे. मला खोलीत दिवा लागलाय की विझलाय एवढंच कळायचं. मी जास्त वॅटचा बल्ब मागायचो आणि ते कागद खराब होईल म्हणून द्यायचे नाहीत. म्हणून मी पंधराव्या वर्षीच आंधळ्यासारखं हाताने काम करायला शिकलो. ट्रेमधलं पाणी हलवलं की त्याचा वास यायचा, बाहेर गिरणीचा भोंगा व्हायचा, अप्पा काळोखात कन्नडमधून वचनं पुटपुटायचे. जगात इतकी निवांत जागा दुसरी पाहिली नाही.

फोटो बाहेर आणले. काय सांगू! बांगड्यांच्या दुकानाचा तर असा आला की हात घालून बांगडी काढावी.

सुंदरम्माने उन्हात नेऊन खूप वेळ पाहिले. "छान आलेत," म्हणाली. मग हळूच, "चेहरे जरा हिरवट वाटत न्हाईत? वाळल्यावर बघू या."

९ फेब्रुवारी

वाळले. मला हिरवट वाटले नाहीत. पण पत्रकात म्हटलंय की चेहरे हिरवट आले तर छापायच्या दिव्यापुढचा किरमिजी फिल्टर कमी करा, निगेटिव्हवरून छापताना रंग उलटे पडतात. घरात शांतता राहावी म्हणून एक काढून पुन्हा छापले. ती म्हणाली, आता बरोबर. मला दोन्ही सारखेच छान. बायकांना आपण सांगितल्यावर काही केलं की बरं वाटतं.

२६ फेब्रुवारी

चार फिल्म झाल्या. पद्धत अशी पडली आहे की मी आतून नमुन्याची पट्टी छापून आणतो, ती उन्हात धरून सांगते: किरमिजी एक काढा, पिवळा अर्धा घाला. मी तसं करतो. तिचा अंदाज दर वेळी लागतो. नशीबवान आहे. तिची भीतीही मोडतेय, हेही बरंच.

आज स्टेशनवर पार्सल सोडवायला गेलो होतो. एकोणपन्नास साली याच स्टेशनवर मी रेल्वेत लागणार होतो. लेखी पास झालो, डॉक्टरने डोळ्यांत नापास केलं. निकालाचा कागद आणायला अप्पाच गेले. म्हणाले, "नजर कमी आहे तुझी," आणि चष्मा करून दिला. चनबसप्पा अजून चिडवतो की या चष्म्याला नंबरच नाही, खिडकीची काच आहे. पण त्या चष्म्याने मी सव्वीस वर्षं फोकस केलाय. रेल्वेत गेलो असतो तर आज मालगाडीच्या मागच्या डब्यात बसलो असतो. अप्पा त्या दिवशी घरी येऊन माझ्या डोक्यावर नुसता हात ठेवून बसले होते. एवढी माया त्यांनी पुन्हा कधी उघड दाखवली नाही.

१४ मार्च

पाटी रंगवून घेतली. 'येथे रंगीत फोटो काढून, धुऊन व छापून मिळतील. प्रो. संगप्पा चन्नवीर.' माझं नाव पाटीवर! पेंटर अक्षरांना कुठला रंग देऊ विचारत होता, सुंदरम्मा आतून ओरडली, "पिवळा द्या, पिवळा."

आणि पाटी वाळायच्या आत मंगळवेढ्याचे आबासाहेब आले. मोठे बागाईतदार. धाकटीचं लग्न आहे एकवीस एप्रिलला. "आमच्यात रंगीत फोटो अजून कुणी काढला न्हाय," म्हणाले. "जावई फौजेत हाय. वीस मेला त्याची सुट्टी संपती. त्याच्या आदी आल्बम हातात पायजे, सोबत न्यायचाय त्याला. जमंल का?"

जमेल म्हणालो. हे एक लग्न झालं की पाटी आपोआप बोलेल.

सुंदरम्मा म्हणते, मी पण येते लग्नाला, चिठ्ठ्या लिहायला. मी म्हटलं, रंगीत फिल्मला रंगचिठ्ठी कशाला लागते? आणि फोटोवाला बायको घेऊन आला म्हणतील. ती चुलीकडे वळली.

२२ एप्रिल

तीन फिल्म भरल्या. हळद, देवक, अक्षता, सूनमुख, सगळं. नवरी गोड आहे, कॅमेऱ्याला लाजत नाही. तिची आजी गोजरबाई माझ्या पुढ्यात येऊन म्हणाली, "माझा बी काढ रं बाबा रंगाचा. आतापातूर सगळे काळेच काढले मेल्यांनी." काढला.

फिल्म ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात, डबा मांडीवर, अशी एस.टी.ने आणली. उघडलेली फिल्म जास्त दिवस ठेवायची नसते, म्हणून आल्या आल्या धुतली. आता बंबाची गरजच नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी एकशे चार असतं, उलट माठातलं घालून शंभरावर आणावं लागलं. निगेटिव्ह फार सुंदर.

२९ एप्रिल

अक्कलकोटहून निरोप आला. सासूबाई ईरम्मा पायरीवरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं. सुंदरम्मा लगेच निघाली. निघताना चारदा बजावलं, "मी आल्याबिगर छापू नका हं. थांबा." मी म्हटलं, वीस तारखेला जावई निघतो, तू कधी येणार ते तुलाच माहीत नाही. "तरी थांबा," म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. आईचं टेन्शन असणार.

६ मे

ती यायचं चिन्ह नाही. थांबून कसं चालेल? छापले. साठ फोटो.

एक घोळ होता. कागदाचं नवं खोकं उघडलं, आणि प्रत्येक खोक्याला फिल्टर नव्याने बसवावे लागतात. जुने आकडे चालेनात. चार दुपारी पट्ट्या काढल्या आणि सगळ्यात चांगली वाटली ती धरली. खरं सांगायचं तर सगळ्याच चांगल्या वाटत होत्या. शेवटी किरमिजी दोन जास्त घालून पक्कं केलं. आल्बममध्ये स्वतः चिकटवले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम आहे हे. अप्पा असते तर त्यांच्यापुढे उघडून ठेवला असता.

८ मे

लिहवत नाही, तरी लिहितो.

आल्बम घेऊन मंगळवेढ्याला गेलो. सोप्यात सगळे जमले. आबासाहेबांनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गोजरबाईंनी आल्बम मांडीवर ओढून घेतला.

"ही आमची पोरगी न्हवं," म्हणाल्या. "हळदीची नवरी अशी शेवाळल्यावानी आसती व्हय? हिरवीगार दिसती की गं माझी बाय, पाण्यातनं काडल्यावानी."

"आई, तू गप," आबासाहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून अगदी सावकाश विचारलं, "फोटोवाले, तुमाला सोताला काय दिसतंय ह्यात?"

मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. म्हटलं, "मला तर काही खोट दिसत नाही."

त्यावर जावई, तो फौजी, म्हणाला, "राहू द्या. मी असाच नेतो." नवरी उठून आत गेली. तिच्या रडण्याचा आवाज सोप्यापर्यंत आला.

आबासाहेबांनी चहा पाजला, एक वाकडा शब्द बोलले नाहीत. तेच जास्त झोंबलं. आल्बम मी परत घेऊन आलो. दुरुस्त करून देतो म्हणालो, पण काय दुरुस्त करायचं ते मला कळत नाही.

९ मे

सबंध दुपार आल्बम उन्हात धरून बघितला. ही माणसं जन्मभर रंग भरलेले फोटो बघत आली, त्यांना खरे रंग ओळखू येत नाहीत, असं वाटतं. पण नवरी का रडली?

११ मे

सुंदरम्मा सकाळच्या गाडीने आली. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, आल्बम उघडला, दोन पानं पाहिली आणि मटकन खाली बसली.

"थांबा म्हणलं होतं की," एवढंच म्हणाली.

मग उठून जत्रेतला बांगड्यांच्या दुकानाचा फोटो आणला, तिच्या फिल्टरचा. तो नवरीच्या फोटोशेजारी ठेवला. "दोनीतला बिघडलेला कुटला?" मी म्हटलं, दोन्ही बरे आहेत. तिने तिच्या रंगांच्या सात वड्या काढल्या, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या सोलल्या आणि माझ्यापुढे मांडल्या. "नावं सांगा." सातातले चार चुकले.

"तुमाला लाल दिसत न्हाय," ती म्हणाली. "हिरवा बी दिसत न्हाय. दोनी एकच दिसतात. पैल्यापासनं."

मी हसलो. म्हटलं, वेडी आहेस का? कुंकू लाल, मिरची लाल, टपालपेटी लाल, पानं हिरवी.

"ते तुमी पाठ केलंय," ती म्हणाली.

अप्पांना मी लहान असतानाच कळलं होतं. रेल्वेच्या डॉक्टरने लिहून दिलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी अप्पांनी तिला शेजारी बसवून सांगितलं, त्याला कळू देऊ नको, कळलं तर तो कॅमेरा खाली ठेवील. म्हणून तिला रंग भरायला शिकवलं. म्हणून चिठ्ठ्या तिने लिहायच्या. ती सासऱ्याला दिलेला शब्द म्हणून गप्प राहिली, आणि मग इतकी वर्षं गेल्यावर कसं सांगायचं तेच तिला कळेना.

पायात चपला घालून बाहेर पडलो.

१२ मे

चनबसप्पाला विचारलं, तुला ठाऊक होतं? तो इंजेक्शनांची खोकी लावत बसला. शेवटी म्हणाला, "अप्पांनी शपथ घातली होती री."

म्हणजे माझ्या आयुष्यातली ही एक गोष्ट मी सोडून सगळ्यांना माहीत.

१३ मे

लाल दिसत नाही याचं दुःख काय करायचं? कधी दिसलंच नाही तर गेलं काय? मला राग याचा आलाय की बावीस वर्षं मला हाताला धरून रस्ता ओलांडवला आणि मी समजत होतो, मी एकटा चाललोय. हिच्या डोळ्यांना मी नशीब म्हणालो. पाटीवर नाव लिहून घेतलं. पाटीवर!

सुंदरम्मा जेवायला वाढते आणि स्वतः जेवत नाही.

१४ मे

अंधारखोलीत जाऊन दुपारभर नुसता बसलो. काळोखात मी कुणापेक्षा कमी नाही.

अप्पांना भीती वाटली असणार. पोराला रेल्वेने नाकारलं, आता हेही हातातून जाईल. सांगितलं असतं तर मी खरंच कॅमेरा ठेवला असता का? वीस वर्षांचा असताना मी फार तिरसट होतो. ठेवला असता.

संध्याकाळी लक्षात आलं की निगेटिव्ह तर उत्तम आहेत. फिल्मला माझ्यासारखं नाही, तिला सगळं दिसतं. आणि वीस तारखेला तो फौजी निघतोय. माझ्या रागापायी त्या पोरीने काय म्हणून रडावं?

स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हटलं, "उद्या लग्नाचे फोटो पुन्हा छापायचे आहेत. आत येतेस का?"

१५ मे

आजवर ती अंधारखोलीत लाल दिव्यातच आली होती, मिट्ट काळोखात कधी नाही. दार लावल्याबरोबर तिने माझा सदरा धरला. "मला कायबी दिसंना हो." टेबलाला थडकली, ट्रे सांडायच्या बेतात आला. मी तिचा हात धरून एकेक दाखवलं: हा कागद, हे पहिलं रसायन, हे पाणी, इथे उंबरा आहे. ती हसायला लागली. मग रडायला लागली. मीही.

काळोखात असल्यामुळे लाज वाटली नाही. मी तिला म्हटलं, मला तुझा फार राग आलाय. ती म्हणाली, येऊ द्या, पण जेवा.

पट्टी उन्हात नेली. "किरमिजी दोन काढा. अजून एक. पिवळा राहू द्या." प्रत्येक वेळी ती मला सांगत होती की आता काय बदललं: आता गालावर रक्त आलं, आता हळद हळदीसारखी झाली. पूर्वी नुसता आकडा सांगायची.

१८ मे

दोघं मिळून मंगळवेढ्याला गेलो. या वेळी आल्बम गोजरबाईंच्या मांडीवर मीच ठेवला. पहिलं पान उलटलं आणि सोप्यात एकच गलका झाला. नवरी बाहेर आली, आजीच्या खांद्यावरून वाकून बघत राहिली. "आता दिसती की गं माझी बाय," म्हातारी म्हणाली. स्वतःचा फोटो बघून तर तिने पदराने तोंड झाकलं.

आबासाहेबांनी विचारलं, "मागल्या टायमाला काय झालं हुतं ओ?"

कागद खराब होता म्हणता आलं असतं. म्हटलं, "मला लाल-हिरवा दिसत नाही. आठ दिवसांपूर्वी कळलं. हे रंग हिने बघितलेत."

सुंदरम्माने मान खाली घातली. गोजरबाई म्हणाल्या, "मग? मला ह्या कानानं ऐकू येत न्हाय, म्हनून मी बोलायची थांबले व्हय?" आणि सगळे असे हसले की मलाही हसू आवरेना. फौजी जावयाने आल्बम टॉवेलमध्ये गुंडाळून ट्रंकेत तळाला ठेवला. परवा निघेल.

२ जून

आबासाहेबांचे दोन पाहुणे काम घेऊन आले. त्या आनंदात सुंदरम्माला मधल्या मारुतीजवळच्या दुकानात इरकल लुगडं घ्यायला घेऊन गेलो. मी दुकानात कधी जात नाही, ती एकटीच घेऊन येते. दुकानदाराने न विचारता निळ्या इरकलांचा गठ्ठा पुढे टाकला.

मी म्हटलं, दुसऱ्या रंगाचं दाखवा की. तो म्हणाला, "वहिनी निळ्याशिवाय घेत नाहीत साहेब. लाल मात्र दर वेळी काढायला लावतात. हातात धरतात, पदर खांद्यावर टाकून आरशात बघतात आणि परत देतात."

मी तिच्याकडे पाहिलं. ती इरकलाच्या घडीवरून हात फिरवत राहिली.

बाहेर आल्यावर विचारलं. तिला निळा आवडत नाही. कधीच आवडला नाही. "निळ्यात मी तुमाला बरोबर दिसते," म्हणाली. "लाल नेसले तर मातकट दिसीन तुमाला. नवऱ्याला मातकट दिसायला कुणाला आवडंल?"

बावीस वर्षांतली तिची सगळी लुगडी माझ्या डोळ्यांपुढून गेली. हाताला धरून परत दुकानात नेली आणि लाल घेतलं.

७ जून

काल ती ते इरकल नेसली. मला मातकटच दिसलं, खोटं कशाला लिहू? गच्चीवर सकाळच्या उन्हात तिला उभी केली आणि फोटो काढला. आज धुतला, छापला. पट्टी उन्हात धरून ती बघत होती. "अजून एक किरमिजी काढा," म्हणाली, आणि मग नवी पट्टी इरकलाच्या पदराशेजारी धरून बघितली. "बास. असाच हाय."

तो फोटो काउंटरच्या काचेखाली लावलाय. गिऱ्हाइकं वाकून बघतात आणि म्हणतात, लाल काय सुरेख आलाय हो. मी दर वेळी विचारतो, खरंच? ते हो म्हणतात, आणि मला पुन्हा बरं वाटतं.